लॅमा ४ : नसलेल्या दाराचं प्रकरण

१ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री हाँगकाँगच्या लॅमा बेटाजवळ दोन बोटींची टक्कर झाली आणि ३९ माणसं गेली. त्यांत ८ मुलं होती. टक्कर का झाली हे सांगायला फार वेळ लागत नाही. धडकलेली बोट दोन मिनिटांत बुडाली कशी, हे समजायला मात्र सोळा वर्षं मागे, बोटीचे नकाशे मंजूर झाले त्या टेबलापर्यंत जावं लागतं. मला या प्रकरणात रस आहे तो या दुसऱ्या भागात. प्रवासी बोटीच्या अपघातावर बोलताना आपण बहुतेक वेळा पहिल्याच भागाशी थांबतो, कप्तानाला दोष देतो आणि विषय मिटवतो.

बेटं आणि बोटी

हाँगकाँगच्या हद्दीत अडीचशेहून जास्त बेटं आहेत. बरीचशी निर्मनुष्य आहेत, पण लॅमा, चेउंग चाउ, पेंग चाउ यांच्यासारख्या वस्तीच्या बेटांना ना पूल आहे ना बोगदा. तिथली माणसं रोज बोटीने शहरात जातात आणि बोटीनेच परततात. शहराच्या बाजूला सेंट्रल भागात धक्क्यांची रांगच आहे : ४ क्रमांकाच्या धक्क्यावरून लॅमा, ५ वरून चेउंग चाउ, ६ वरून पेंग चाउ आणि मुई वो. लॅमावरच्या युंग श्यू वान या मुख्य गावी पोचायला वेगवान बोटीला अर्धा तासही लागत नाही. बेटावर खासगी मोटारी नाहीत. शेवटची बोट चुकली तर रात्र शहरात काढायची, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाने गृहीत धरलेलं असतं.

शहराच्या दोन भागांना जोडणारी बंदरातली फेरी १९७२ मध्ये समुद्राखालचा पहिला बोगदा सुरू झाल्यावर हळूहळू ओसरली. बेटांच्या फेऱ्यांचं तसं झालं नाही, होणारही नव्हतं. पण त्या परवडतात असंही नाही. इंधन महाग, खलाशी मिळत नाहीत, भाडं वाढवलं की ओरड. म्हणून २०११ पासून सरकारने बेटांकडे जाणाऱ्या सहा प्रमुख मार्गांना आर्थिक मदत द्यायला सुरुवात केली. सेंट्रल ते युंग श्यू वान हा त्यांतलाच एक. अपघातातली एक बोट, ‘सी स्मूथ’, याच मार्गावर धावत होती. हाँगकाँग अँड कौलून फेरी या कंपनीची ही कॅटामरान, म्हणजे दोन अरुंद सांगाडे शेजारी जोडून केलेली वेगवान प्रवासी बोट.

दुसरी बोट, ‘लॅमा ४’, तिकीट काढून बसायची फेरी नव्हती. लॅमाच्या पश्चिम किनाऱ्यावर हाँगकाँग इलेक्ट्रिक कंपनीचं मोठं औष्णिक वीजकेंद्र आहे. १९८२ पासून ते चालू आहे आणि त्याची तीन उंच धुराडी दुरूनही दिसतात. तिथल्या कामगारांची ने-आण करायला कंपनीच्या स्वतःच्या लाँच असतात, त्यांतली ही एक. परवाना आणि तपासणी मात्र तिलाही प्रवासी फेऱ्यांसारखीच, हाँगकाँग सरकारच्या सागरी खात्याकडून.

ती रात्र

१ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. व्हिक्टोरिया बंदरात रात्री आतषबाजी असते आणि ती पाण्यावरून बघायला बंदरात बोटींची झुंबड उडते. कंपनीने कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आतषबाजी दाखवायला न्यायचं ठरवलं होतं. लॅमा ४ वर सव्वाशेच्या आसपास माणसं होती. कामगारांच्या बोटीवर एरवी न दिसणारी लहान मुलंही त्या दिवशी होती, हे पुढे महत्त्वाचं ठरलं. आदल्याच दिवशी शरदातल्या पौर्णिमेचा सण झालेला, समुद्र शांत, हवा स्वच्छ. धुकं, वादळ, लाटा यांपैकी कशावरही खापर फोडता येणार नाही अशी रात्र.

सी स्मूथ रात्री आठला सेंट्रलहून लॅमाकडे निघाली. लॅमा ४ सव्वाआठच्या सुमारास वीजकेंद्राच्या धक्क्यावरून शहराकडे निघाली. ८ वाजून २० मिनिटांच्या आसपास, युंग श्यू वानपासून जवळच, सी स्मूथच्या डाव्या सांगाड्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लॅमा ४ च्या डाव्या कुशीत, मागच्या बाजूला घुसली. लॅमा ४ ची पिछाडी दोन मिनिटांत पाण्याखाली गेली. तिथे समुद्र उथळ असल्यामुळे पिछाडी तळाला टेकली आणि पुढचं टोक आभाळाकडे तोंड करून पाण्याबाहेर राहिलं. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत आलेलं छायाचित्र तेच.

सी स्मूथ थांबून राहिली नाही. तिच्याही सांगाड्यात पाणी येत होतं, आतले प्रवासी घाबरले होते, काही जखमी होते. ती तशीच युंग श्यू वानच्या धक्क्याला जाऊन लागली. त्यावरून कप्तानावर लोकांनी फार राग काढला. माणुसकीच्या अंगाने तो समजण्यासारखा आहे. आपली बोट तरंगत राहील की नाही याची खात्री नसताना शंभरेक माणसं घेऊन थांबायचं की आधी किनारा गाठायचा, या प्रश्नाला मात्र बाहेर बसून सोपं उत्तर देता येत नाही. निदान आपल्याकडून काय झालं आहे ते लगेच आणि स्पष्ट कळवणं, एवढी अपेक्षा तरी रास्तच.

टक्कर

समोरासमोर येणाऱ्या यांत्रिक बोटींसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम जगात सगळीकडे एकच आहे : दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं, म्हणजे दोन्ही बोटी एकमेकींना डावी बाजू दाखवत सुटतात. रात्री हे दिव्यांवरून ओळखायचं. बोटीच्या डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा. समोरच्या बोटीचे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ती थेट आपल्यावर येते आहे. सारंगाला अगदी सुरुवातीला शिकवली जाणारी दुसरी खूण अशी की समोरची बोट जर एकाच कोनात दिसत राहिली आणि अंतर कमी होत गेलं, तर टक्कर होणार. कोन बदलतोय का, एवढंच बघत राहायचं असतं.

ते बघितलं गेलं नाही. सी स्मूथचा वेग २४ नॉटच्या (ताशी साधारण ४४ किलोमीटरच्या) आसपास होता, लॅमा ४ चा साधारण त्याच्या निम्मा. दोन्ही मिळून बोटी एकमेकींकडे सेकंदाला अठरा मीटरहून अधिक वेगाने येत होत्या. मैलभर अंतर तोडायला दोन मिनिटंही लागत नाहीत अशा वेगात. अपघातानंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने दोन्ही कप्तानांना दोष दिला : कुणीही नीट टेहळणी ठेवली नव्हती. शेवटच्या क्षणांत लॅमा ४ नियमाप्रमाणे उजवीकडे वळली. सी स्मूथ डावीकडे वळली. म्हणजे दोघीही एकाच बाजूला. जास्त दोष सी स्मूथकडे जातो तो यामुळे.

दोन्ही बोटींवर रडार होतं. रडार चालू असणं आणि रडार बघितलं जाणं यांत किती अंतर असतं, ते समुद्रावर काम केलेला माणूस सांगेल. किनाऱ्यावरचे दिवे, इतर बोटींचे दिवे, रोजचा तोच मार्ग, तोच वळसा. शेकडो फेऱ्या काही न होता पार पडल्या की डोळे समोर असतात पण बघत नसतात. म्हणूनच सुकाणूघरात सुकाणू धरणाऱ्याखेरीज निव्वळ बघण्यासाठी आणखी एक माणूस हवा, अशी शिफारस आयोगाने केली. त्याआधी सागरी खात्याच्या नियमांत अशा माणसाची स्पष्ट सक्ती नव्हती. फेरी चालवणाऱ्या कंपनीच्या हिशेबात हा माणूस म्हणजे प्रत्येक पाळीला एक जादा पगार, आणि तोही खलाशी मिळत नाहीत अशा काळात. मदत घेऊन चालणाऱ्या मार्गांवर असा जादा माणूस आपणहून कोण ठेवणार?

टक्करीबद्दल एवढं पुरे. वेगात असलेल्या दोन बोटी कधी ना कधी एकमेकींवर आदळणार, हे गृहीत धरूनच बोटी बांधल्या जातात.

दार

बोटीचं पोट एकसंध ठेवत नाहीत. आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे पाडतात, आणि त्या भिंतींतून पाणी जाणार नाही अशी व्यवस्था करतात. एक कप्पा फुटला तर पाणी तिथेच अडावं आणि बाकीच्या कप्प्यांतल्या हवेवर बोट तरंगत राहावी. किती कप्पे भरले तरी बोट टिकली पाहिजे, याचं गणित बांधणीच्या वेळीच मांडून खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं.

लॅमा ४ ची मागची बाजू पिछाडीकडून पुढे अशी होती : अगदी टोकाला सुकाणूयंत्राचा कप्पा, मग टाक्यांची खोली, मग इंजिनरूम. सी स्मूथची नाळ घुसली ती अशा जागी की इंजिनरूम आणि टाक्यांची खोली हे दोन्ही कप्पे एकदम उघडे पडले. नशीब वाईट, पण एवढ्याने सगळं संपायला नको होतं. टोकाचा सुकाणूयंत्राचा कप्पा शाबूत होता. त्याच्या आणि टाक्यांच्या खोलीच्या मधल्या भिंतीत ये-जा करायला एक मोकळी जागा ठेवलेली होती. तिला पाणी अडवणारं दार असायला हवं होतं.

ते नव्हतं. उघडं राहिलं नव्हतं, मोडलं नव्हतं. बोट बांधली तेव्हापासून तिथे दार बसवलेलंच नव्हतं. फळ्या घालून पाणी अडवायच्या बंधाऱ्यात एक फळी घालायचीच राहून जावी, तशी ती भिंत. टाक्यांच्या खोलीत शिरलेलं पाणी त्या मोकळ्या जागेतून थेट शेवटच्या कप्प्यात गेलं आणि दोनऐवजी तीन कप्पे भरले. शेवटचा कप्पा आकाराने लहान असला तरी बोटीच्या मध्यापासून सगळ्यात लांब असतो. तिथली हवा गेली की पिछाडी झपाट्याने खाली बसते, डेक कलतो, आणि कललेल्या डेकवरून पाणी प्रवाशांच्या केबिनमध्ये शिरतं. तिथून पुढे काही करायला वेळच उरत नाही.

आयोगापुढे जहाजबांधणीच्या तज्ज्ञाने हे गणित पुन्हा मांडून दाखवलं : दार असतं तर बोट अशी दोन मिनिटांत गेली नसती. माणसांना बाहेर पडायला, जॅकेट अंगात घालायला, शेजारून जाणाऱ्या बोटींना पोचायला वेळ मिळाला असता. त्या रात्री आतषबाजीसाठी निघालेल्या बोटी आसपास कमी नव्हत्या.

मग दार गेलं कुठे? इथे कट वगैरे काही सापडत नाही. सापडतात ते फक्त एकमेकांशी न जुळणारे कागद. १९९५-९६ मध्ये ही बोट बांधली गेली. एका नकाशात त्या भिंतीला जाण्यायेण्याची मोकळी जागा दाखवलेली होती. दुसऱ्या कागदात तीच भिंत पाणी अडवणारी म्हणून धरलेली होती. बोट किती कप्पे फुटेपर्यंत तरेल, हे गणित या दुसऱ्या समजुतीवर उभं होतं. कारखान्यातल्या कामगारांनी पहिल्या नकाशाप्रमाणे मोकळी जागा सोडली. गणित करणाऱ्याने भिंत बंद धरली. दोन्ही कागद सागरी खात्यात गेले आणि दोन्हींवर मंजुरीचे शिक्के पडले. दोन कागद एकाच टेबलावर शेजारी ठेवून कुणी पाहिले असते तर हा फरक दिसला असता, इतका तो उघड होता.

पुढे या बोटीत शिशाचं वजन घातलं गेलं. त्यामुळे तिच्या तोलाची गणितं पुन्हा करावी लागली, म्हणजे चूक सापडायची आणखी एक संधी आली. ती गणितंही भिंत बंद आहे असं समजूनच झाली आणि मंजूर झाली.

आणि मग दरवर्षीची तपासणी. सोळा वर्षं सागरी खात्याचे निरीक्षक या बोटीवर येत होते. टाक्यांच्या खोलीत उतरणाऱ्या माणसाला ती मोकळी जागा दिसत नव्हती असं नाही. ती माणूस जाईल एवढी होती, दडलेली नव्हती. पण तपासणीची रीत अशी की जे बसवलेलं आहे ते चालतं का ते बघायचं : दार असेल तर ते घट्ट बसतं का, रबर झिजलंय का, पंप चालतो का, विझवणारं नळकांडं भरलेलं आहे का. जे नाहीच, ते यादीत येत नाही. नकाशा हातात घेऊन खाली उतरलं तरच ‘इथे दार का नाही’ हा प्रश्न सुचतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. नकाशा मंजूर करणारा बोटीत उतरत नव्हता आणि बोटीत उतरणारा नकाशा बघत नव्हता. आयोगाने आपल्या अहवालात आराखड्यापासून बांधणी, मंजुरी आणि तपासणीपर्यंत प्रत्येक टप्प्यावरच्या चुकांची माळच लावली आहे.

खुर्च्या आणि जॅकेटं

बोट कलायला लागल्यावर वरच्या डेकवर आणखी एक गोष्ट घडली. तिथल्या खुर्च्या फायबरच्या डेकला स्क्रूने पिळून बसवलेल्या होत्या. सपाट डेकवर बसलेल्या माणसाचं वजन त्या स्क्रूंना पेलत होतं. डेक उभा व्हायला लागला तेव्हा ते फायबरमधून निसटले, आणि खुर्च्या माणसांसकट घसरत पिछाडीकडे येऊन ढीग झाल्या. खाली पाणी, वर खुर्च्या, मध्ये माणसं. वाचलेल्यांनी आयोगापुढे हे सांगितलं. स्क्रू कसा आहे, तो कशात बसवला आहे आणि त्यावर भार कुठून येणार, इतक्या साध्या प्रश्नावर काही जीव गेले असतील. बसायची खुर्ची हे सुरक्षेचं सामान आहे असं त्या बोटीच्या संदर्भात कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं, त्यामुळे तिची तपासणीही त्या नजरेने झाली नव्हती.

जीवरक्षक जॅकेटांची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती दारापेक्षाही जास्त खटकते. दार चुकून राहिलं. जॅकेटांच्या बाबतीत नियम कागदावर होता. २००७ साली लागू झालेल्या स्थानिक बोटींच्या नियमांनुसार बोटीवरच्या मुलांसाठी त्यांच्या मापाची जॅकेटं ठेवणं आवश्यक होतं. लॅमा ४ वर मुलांचं एकही जॅकेट नव्हतं. आणि ते नाही म्हणून कोणत्याही तपासणीत ती अडली नव्हती, कारण जुन्या बोटींना हा नियम लावायचा नाही, असं खात्यात आतल्या आत ठरलेलं होतं. कायद्यात अशी सूट नव्हती. कुणी ती जाहीर केली नव्हती. अधिकाऱ्यांनी आपापसात जुन्याच पद्धतीने चालू द्यायचं ठरवलं होतं, आणि प्रमाणपत्रावर मात्र सगळं नियमानुसार असल्याचं दिसत होतं.

अशा तडजोडी कशा होतात ते कार्यालयांत वावरलेल्या माणसाला सांगायला नको. नवा नियम येतो, बोटमालक म्हणतात खर्च परवडत नाही, साहेब म्हणतात जुन्यांना सध्या राहू द्या, खालचे मान डोलावतात. कुणाला लाच द्यावी लागत नाही, कुणाचा हेतू वाईट नसतो. दोन-चार वर्षांत ती तडजोड हाच नियम होऊन बसतो आणि नव्याने आलेला निरीक्षक तोच शिकतो. कामगारांच्या लाँचवर मुलं येतातच कधी, असंही कुणी म्हटलं असेल. त्या रात्री आली होती.

मोठ्यांसाठी जॅकेटं होती. पण ती कुठे ठेवली आहेत, कशी बांधायची हे अनेकांना माहीत नव्हतं, आणि दोन मिनिटांत शोधून, काढून, बांधून होणारं ते काम नव्हे. रोजच्या फेरीत कुणी प्रवाशांना हे दाखवत बसत नाही. अर्ध्या तासाच्या प्रवासात ऐकणार कोण, हा सवाल खराच आहे. भिंतीवरचं चित्र, सीटखालची खूण, खलाशाने एकदा हाताने दाखवलेली जागा, यांपैकी काहीतरी डोक्यात राहिलेलं असावं लागतं.

कोणाला काय झालं

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती मायकल लन होते. एप्रिल २०१३ च्या अखेरीस त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. वर आलेलं बरंचसं त्या अहवालामुळेच उजेडात आलं, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. कप्तानांचे वळसे आणि बोटीचा सांगाडा, या दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ बोलावून आयोगाने टक्कर आणि बुडणं हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवले. अपघातांच्या चौकशीत असं वेगळं ठेवलं गेलेलं फार कमी दिसतं.

न्यायालयात मात्र हे दोन प्रश्न पुन्हा एक झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये सी स्मूथच्या कप्तानाला ३९ जणांच्या सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरून ८ वर्षांची कैद झाली. लॅमा ४ चा कप्तान मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. समुद्रावर इतरांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल त्याला ९ महिन्यांची शिक्षा झाली. सी स्मूथचा कप्तान निर्दोष होता असं म्हणणं नाही. टेहळणी न करणं आणि चुकीच्या बाजूला वळणं हे गुन्हेच होते. पण ३९ हा आकडा त्याने एकट्याने ठरवलेला नव्हता. त्याच वेगाने, त्याच जागी, दार असलेल्या बोटीला तो धडकला असता तर मृतांची संख्या किती असती, हे कुणी सांगू शकणार नाही; ती ३९ नसती एवढं मात्र वाटतं. शिक्षा देताना कायदा परिणाम मोजतो, आणि परिणाम ठरवणारे निम्मे निर्णय पिंजऱ्यात उभ्या नसलेल्या माणसांचे होते.

त्यांतल्या काहींपर्यंत हात पोचला. जॅकेटांचा नियम न लावण्याच्या सूचनेवरून सागरी खात्याच्या एका निवृत्त सहायक संचालकावर सार्वजनिक पदावरच्या गैरवर्तनाचा खटला चालला आणि २०१६ मध्ये शिक्षा झाली. नियम असताना तो बाजूला ठेवणं हे न्यायालयात उभं करता येतं, कारण तिथे सूचना देणारा माणूस आणि सूचना दोन्ही सापडतात. न जुळणाऱ्या दोन नकाशांचं तसं होत नाही. सोळा वर्षांत त्यांवरून किती हात गेले, त्यांतला नेमका कोणाचा हात दोषी, हे सिद्ध करणं अवघड. ज्याची चूक कमी हातांतून गेली, त्यालाच शिक्षा करणं सोपं जातं.

नंतर

आयोगाच्या शिफारशी बारीक आणि कामाच्या होत्या. मोठ्या प्रवासी बोटींवर स्वयंचलित ओळख देणारी यंत्रणा आणि रेडिओ, टेहळणीला वेगळा माणूस, आणीबाणीत कोणी काय करायचं याची कर्मचाऱ्यांसाठी लेखी यादी, मुलांची जॅकेटं, खुर्च्या डेकला पक्क्या बसवणं. पाणी अडवणारं दार उघडं असेल तर सुकाणूघरात कळवणारा इशाराही त्यांत आला. या गोष्टी टप्प्याटप्प्याने लागू होत गेल्या. खात्याच्या कारभाराची फेररचना करायला २०१३ मध्येच सुधारणा समिती नेमली गेली. जहाजांची जाण असलेले सर्वेक्षक भरतीला मिळत नाहीत, ही अडचण तिच्यासमोर होतीच. खासगी क्षेत्र जास्त पगार देतं, आणि नकाशा वाचून बोटीत उतरू शकणारा माणूस एका वर्षात तयार होत नाही.

युंग श्यू वानची बोट दुसऱ्या दिवशीही सुटली. सुटायलाच हवी होती. बेटावरच्या लोकांना कामावर जायला दुसरी वाट नाही. बेटांच्या फेरीसेवेत हा पेच कायम राहतो. रस्त्यावरची बस संशयास्पद वाटली तर डेपोत उभी करता येते, प्रवासी दुसरीने जातो. इथे बोटी मोजक्या, एक बाजूला काढली की वेळापत्रक कोलमडतं, आणि वेळापत्रक कोलमडलं की शाळा, दवाखाना, नोकरी सगळंच. त्यामुळे ‘सध्या चालू द्या’ म्हणण्याचा दबाव निरीक्षकावर सगळ्यांकडूनच येतो, मालकाकडूनही आणि प्रवाशांकडूनही. सरकारी मदतीच्या हिशेबात राखीव बोटीचा खर्च धरला तर तो दबाव बराच कमी होईल, असं माझं मत आहे. नुसतं निरीक्षकांना कडक व्हा म्हणून ते होणार नाही.

एक काम अर्धंच राहिलं. आयोगाच्या अहवालानंतर सागरी खात्यातल्या कोणी काय केलं याची सरकारने वेगळी अंतर्गत चौकशी केली. २०१४ मध्ये ती पूर्ण झाली आणि १७ अधिकाऱ्यांच्या वर्तनाबद्दल तिच्यात संशय व्यक्त केला गेला. पूर्ण अहवाल जाहीर झाला नाही. प्रसिद्ध झाला तो सारांश, आणि कारण दिलं गेलं की फौजदारी तपासाला बाधा येईल. मृतांच्या नातेवाइकांनी तेव्हापासून त्या पूर्ण अहवालाची मागणी धरली. बोट बुडाली हे त्यांना माहीत होतं, दार नव्हतं हेही आयोगाने सांगितलं होतं. सोळा वर्षांत टाक्यांच्या त्या खोलीत कोणकोण उतरलं होतं आणि वर येऊन कोणी कशावर सही केली, याचा कागद त्यांना हवा होता.